अंगात आलेला शब्द

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या सामानाचं एक दुकान आहे. दारावर पाटी : 'सर्व प्रकारचे फॅन दुरुस्त करून मिळतील'. दुकानाच्या डोक्यावर, दोन खांबांच्या मधोमध, बाराही महिने कुठल्या ना कुठल्या भाऊंच्या वाढदिवसाचं फ्लेक्स असतं. मागच्या उन्हाळ्यात तिथे गॉगल लावलेले एक भाऊ होते. त्यांच्या पायाशी वीस-पंचवीस चेहऱ्यांची रांग होती आणि रांगेवर लिहिलं होतं, 'शुभेच्छुक : भाऊंचे कट्टर फॅन'. चौथीतल्या माझ्या भाच्याने दोन्ही पाट्या मोठ्याने वाचल्या आणि विचारलं, "मामा, हे फॅनपण इथंच दुरुस्त होतात का?"

पोटभर हसून झालं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. घरी येऊन शब्दकोश उघडला. पाच मिनिटांत मिटायचा होता, तो रात्री जेवणाचं ताट पुढे आलं तेव्हा मिटला.

पाटीवरचा फॅन आणि फ्लेक्सवरचा फॅन यांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही. नाव एक, घराणी दोन. पाटीवरच्या फॅनचं मूळ लॅटिनमधल्या 'वान्नुस' या शब्दात आहे आणि वान्नुस म्हणजे चक्क सूप. धान्य पाखडायचं, कोंडा उडवायचं, आपल्या आजीच्या हातात असायचं तसलं. इंग्रज शेतकऱ्यांनी हजारभर वर्षांपूर्वी तो शब्द उचलला. पुढे सुपाचा वारा सरदारांच्या बायकांच्या हातातल्या विंझणवाऱ्यात शिरला आणि तिथून विजेच्या तारेवरून छताला जाऊन लटकला. डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याचा पणजोबा सूप आहे हे कळल्यापासून मी त्याच्याकडे जरा आदराने बघतो.

फ्लेक्सवरचा फॅन मात्र देवळातून आला आहे.

लॅटिनमध्ये 'फानुम' म्हणजे देवस्थान, देवाच्या नावाने राखलेली जागा. तिच्या उंबऱ्याच्या अलीकडे, बाहेर जे काही असेल ते 'प्रोफानुम'. त्यावरून इंग्रजीत 'प्रोफेन' आला. अपवित्र, शिवराळ अशा अर्थाने आज तो वापरतात. म्हणजे 'फॅन' आणि 'प्रोफेन' ही सख्खी भावंडं. एक गाभाऱ्यात, दुसरं चपला काढायच्या जागी. आणि जो माणूस त्या फानुमचा झाला, देवळातल्या देवाने ज्याला झपाटलं, तो 'फानाटिकुस'.

झपाटलं म्हणजे नुसतं डोळे मिटून हात जोडणं नव्हे. रोममध्ये बेलोना नावाची युद्धदेवता होती. तिचे पुजारी हातात दुधारी कुऱ्हाडी घेऊन नाचत, स्वतःच्या दंडांवर आणि मांड्यांवर घाव घालत आणि रक्त उडत असताना भविष्य सांगत. तिच्याच जोडीची दुसरी देवता सिबिली. ही मूळची आजच्या तुर्कस्तानातली. हॅनिबलशी युद्ध चालू होतं, रोमचं काही खरं नव्हतं, तेव्हा इसवी सनापूर्वी २०४ साली रोमन लोकांनी तिचा काळा पाषाण समारंभाने आपल्या शहरात आणला. पाषाणाबरोबर तिचे पुजारीही आले. स्वतःचं पुरुषत्व कापून टाकलेले, बायकांसारखी वस्त्रं नेसलेले, केस मोकळे सोडलेले. झांजा, डफ आणि बासऱ्यांच्या गजरात ते रस्त्याने निघत. पुढे साम्राज्याच्या काळात २४ मार्च हा तिच्या उत्सवातला 'रक्ताचा दिवस' ठरला. त्या दिवशी ते स्वतःचे हात कापून घेत, अंगावर चाबूक ओढत.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे रोम आलंच नाही. आला तो लहानपणी दारात येणारा पोतराज. मोकळे केस, कमरेला रंगीबेरंगी खणांचा घागरा, बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा, गुबूगुबू वाजणारं वाद्य आणि स्वतःच्याच उघड्या अंगावर सटासट ओढलेला कोरडा. आम्ही आईच्या पदराआडून बघायचो. दोन्हींचा इतिहासात काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण 'फानाटिकुस'चा अर्थ इंग्रजी कोशात चार ओळी घेतो, तो मराठीत दोन शब्दांत आटपतो : अंगात आलेला.

आणखी एक शब्द याच वाटेने आला आहे. 'एन्थुझिॲझम'. ग्रीकमध्ये 'एन' म्हणजे आत आणि 'थिऑस' म्हणजे देव. आत देव शिरला आहे असा. पुन्हा आपलं अंगात येणंच! आज नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत उमेदवार 'एन्थुझिॲस्टिक' हवा असतो. पण डॉ. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश छापला, त्यात या गुणाचा अर्थ दिला आहे तो असा की, देव आपल्याशी खासगीत बोलतो अशी पोकळ समजूत. जॉन्सनच्या काळात तुम्ही 'एन्थुझिॲस्टिक' आहात असं कळलं असतं तर नोकरी नक्कीच मिळाली नसती.

इथे एक गोष्ट ध्यानात आली आणि मग ती पुढे सगळीकडे दिसू लागली. 'फानाटिकुस' हे नाव ज्यांनी शिवीसारखं वापरलं ते उंबऱ्याबाहेरचे लोक होते : रस्त्याच्या कडेला, नाकाला पदर लावून उभे असलेले शहाणेसुरते रोमन. या पंथाचं पुजारीपण रोमन नागरिकाला कायद्याने मना होतं. देवी हवी होती, तिचे झपाटलेले नको होते. वेड्याचं नाव नेहमी शहाणा ठेवतो आणि ठेवताना तो वेड्याच्या मनात डोकावत बसत नाही. त्याला दिसतं ते शरीर. रक्त दिसतं, घाम दिसतो, मुरगळलेला रुमाल दिसतो. तेवढ्यावर नाव पडतं.

इंग्रजीत 'फॅनॅटिक' सोळाव्या शतकात आला तो वेडापिसा माणूस या अर्थाने. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मावरून डोकी फुटली, राजाचं डोकं उडालं, मग १६६० साली नवा राजा आला. तेव्हा सरकारी चर्चबाहेरच्या क्वेकर वगैरे मंडळींना दडपण्यासाठी हाच शब्द हाताशी आला. १६८२ सालच्या एका छापील चोपड्यात त्याचं आखूड रूप पहिल्यांदा दिसतं. तिथे त्याचं स्पेलिंग 'पीएच'नेही सुरू होतं. मग दोनशे वर्षं हे आखूड रूप गायब.

ते पुन्हा उगवलं अमेरिकेत, बीअरच्या पिंपाशेजारी.

सेंट लुइस शहरात ख्रिस फॉन-डेर-आहे नावाचा एक जर्मन गृहस्थ होता. पोरसवदा वयात अमेरिकेत आला, किराणा मालाचं दुकान टाकलं, त्याला जोडून गुत्ता काढला. इंग्रजी मोडकंतोडकं, नाक मोठं, आवाज त्याहून मोठा. जवळच्या मैदानात बेसबॉलचा सामना असला की गुत्ता ओस पडतो आणि सामना सुटला की उभं राहायला जागा उरत नाही, एवढं त्याने हेरलं. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण तहान कळत होती. त्याने 'ब्राउन्स' हा संघच घेतला. हा संघ ज्या लीगमध्ये खेळू लागला ती १८८२ साली सुरू झाली. तिकीट पंचवीस सेंट, रविवारीही सामने आणि मैदानात बीअर, या तिच्या तीन गोष्टी प्रतिष्ठितांच्या डोळ्यांत खुपत. तिला टोपणनावच पडलं, 'बीअर अँड व्हिस्की लीग'.

१८८३ साली ब्राउन्सचा व्यवस्थापक होता टेड सुलिव्हन. त्याच्या सांगण्यानुसार, मैदानावर रोज येणाऱ्या, ऊठसूट खेळाडूंना सल्ले देणाऱ्या लोकांविषयी मालक 'फॅनॅटिक' हा शब्द वापरत. सुलिव्हनने त्याची शेपटी छाटली आणि 'फॅन' एवढाच ठेवला. दावा त्याचा स्वतःचा आहे, आणि आपण शब्द घडवला असं सांगणारी माणसं साधारणपणे थोडं वाढवूनच सांगतात. दुसराही एक पक्ष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये मुष्टियुद्धाच्या शौकिनांना मिळून 'द फॅन्सी' म्हणत. पिअर्स ईगन नावाचा वार्ताहर त्यांच्याविषयी चवीचवीने लिहायचा. 'फॅन' त्या 'फॅन्सी'तून आला असं हा पक्ष म्हणतो. बहुतेक कोशांचा कौल फॅनॅटिकला आहे, आणि माझाही. कारण पुढचा सगळा प्रवास देवळातून निघालेल्या शब्दालाच शोभतो.

शेपटी छाटल्याने काय होतं हे आपल्याला समजावून सांगायला नको. दत्तात्रेय म्हटलं की ताठ बसावं लागतं, दत्तू म्हटलं की पाठीवर थाप मारता येते. 'फॅनॅटिक' समोर आला तर माणूस दोन पावलं मागे सरतो. 'फॅन'ला मात्र तिकीट विकता येतं, आणि वर बीअरही. जवळजवळ दोन हजार वर्षं ज्या शब्दाला लोक बिचकत होते त्याचं विष एका गुत्तेवाल्याच्या मैदानावर उतरलं आणि तो गिऱ्हाइकाचं नाव झाला. १८८५ ते १८८८ अशी लागोपाठ चार वर्षं ब्राउन्स त्या लीगमध्ये पहिले आले. आजचा 'सेंट लुइस कार्डिनल्स' हा त्यांचाच वारस. फॉन-डेर-आहे इतका खूश झाला की त्याने मैदानाबाहेर पुतळा उभारला, स्वतःचा! पुढे धंदा बुडाला, संघ गेला, १९१३ साली तोही गेला. पुतळा आता त्याच्या थडग्यावर आहे.

'फॅन' रुळण्याआधी अमेरिकेत बेसबॉलच्या वेड्यांना 'क्रँक' म्हणत. विक्षिप्त, डोक्याने सरकलेला अशा अर्थाने. १८८८ साली टॉमस लॉसन नावाच्या गृहस्थाने या क्रँकांवर एक विनोदी पुस्तक लिहिलं, त्यात तो शब्द 'सी'ऐवजी 'के'ने लिहिला. 'के'ने लिहिलेला 'क्रांक' जर्मन भाषेतही आहे आणि तिथे त्याचा अर्थ आजारी असा होतो. मोठी गमतीची गोष्ट, कारण आजाराचं खूळ फक्त अमेरिकेचं नाही.

इटलीत फुटबॉलच्या किंवा फेरारीच्या चाहत्यांना 'टिफोसी' म्हणतात. एकटा असला तर 'टिफोसो'. हा शब्द 'टिफो'वरून, आणि टिफो म्हणजे टायफस, उवांमुळे पसरणारा एक भयंकर ताप. त्याच्याही मुळाशी ग्रीक 'टायफॉस' आहे, म्हणजे धूर. तापाने डोक्यात धूर भरतो, माणूस बरळतो, तसा हा. आता तर 'टिफो' हे स्टेडियमभर उलगडल्या जाणाऱ्या अवाढव्य चित्रांच्या कापडाचं जगभरचं नाव झालं आहे आणि आपल्याकडच्या फुटबॉलमधली पोरंही 'टिफो बनवतोय' असं सहज बोलतात. टायफस बनवतोय!

पियानोवादक फ्रान्झ लिस्ट १८४१-४२च्या हिवाळ्यात बर्लिनला वाजवायला गेला तेव्हाचं असंच. बायका त्याच्या हातमोज्यांचे तुकडे करून वाटून घेत, त्याने टाकलेलं सिगारचं थोटूक जपून ठेवत, त्याच्या पेल्यातला कॉफीचा गाळ कुपीत भरून नेत, असं सांगतात. कवी हाइन्रिख हाइनेने १८४४ साली या प्रकाराला 'लिस्टोमेनिया' असं नाव दिलं. 'मेनिया' हा तेव्हा वैद्यांच्या वहीतला शब्द होता, आज वाटतो तसा सिनेमाच्या पोस्टरवरचा नाही.

आणि आपण? गाण्यात खोल उतरलेल्या श्रोत्याला आपण 'दर्दी' म्हणतो. दर्द म्हणजे वेदना. सवाई गंधर्व महोत्सवात गायकाने कोमल धैवतावर क्षणभर रेंगाळावं आणि तिसऱ्या रांगेतल्या आजोबांनी कळ आल्यासारखे डोळे मिटून "हाय" म्हणावं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, यांना डॉक्टरकडे न्यायला हवं. इटालियनांना ताप दिसला, आपल्याला कळ दिसली. बघणारा तोच, उंबऱ्याबाहेरचा.

दक्षिण अमेरिकेतल्या बघणाऱ्यांची नजर हातांवर आणि छातीवर गेली. ब्राझीलमध्ये फुटबॉलच्या चाहत्याला 'टोर्सेडोर' म्हणतात, शब्दशः 'पिळणारा'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओत नटूनथटून सामन्याला येणाऱ्या बायका गोल हुकला की हातातले रुमाल पिळत, त्यावरून हे नाव पडलं अशी तिथली आख्यायिका. उरुग्वेच्या माँतेव्हिदेओमध्ये तर एका विशिष्ट माणसाचं नाव निघतं. प्रुदेन्सिओ रेयेस. धंद्याने चामड्याचं काम करणारा, 'नासिओनाल' क्लबकडे चेंडूत हवा भरायच्या कामावर. तेव्हा चेंडूत हवा तोंडाने, फुप्फुसांच्या जोरावर भरावी लागे. फुगवणे याला स्पॅनिशमध्ये 'इंचार', म्हणून त्याला म्हणत 'इंचा'. सामना सुरू झाला की हा कडेने धावत याच फुप्फुसांनी असा ओरडायचा की लोक खेळ सोडून त्याच्याकडे बघत. तो इंचा बघा कसा ओरडतोय! होता होता ओरडणारे सगळेच इंचा झाले, आणि आज अर्ध्याअधिक स्पॅनिश जगात चाहता म्हणजे इंचा. मराठीत एखाद्याला चढवण्याला आपण 'हवा भरणे' म्हणतो. रेयेसने चेंडूतही भरली आणि संघातही.

चीनमध्ये 'फॅन्स' हा इंग्रजी शब्द कानावर पडला तेव्हा चिनी लोकांना त्यात ओळखीचं काहीतरी ऐकू आलं. 'फन्सी'. फन्सी म्हणजे मुगाच्या सत्त्वाच्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या शेवया. झालं! चाहते शेवया झाले. २००५ साली हुनान वाहिनीवर 'सुपर गर्ल' नावाची गाण्याची स्पर्धा गाजली. ती जिंकलेल्या ली युचुन हिच्या चाहत्यांनी स्वतःला 'युमी' म्हणवून घेतलं. युमी म्हणजे मका, पण त्यात तिच्या नावातला 'यु' आहे आणि 'मी' हा जुना चिनी शब्दही. त्या 'मी'चा अर्थ मला फार आवडला : वाट चुकलेला, हरवलेला. चेंडूत हरवला तो फुटबॉलचा चाहता, नाटकात हरवला तो नाटकाचा. भान हरपणे म्हणजे आणखी काय असतं?

जपानमध्ये नावं ठेवणाऱ्याने शरीराकडे नाही, बोलण्याकडे बघितलं. तिथे 'ओताकू' म्हणजे शब्दशः 'आपलं घर', आणि त्यावरून समोरच्याला अदबीने उद्देशून 'आपण'. कॉमिक आणि ॲनिमेशनची वेडी असलेली विशी-बाविशीतली पोरं एकमेकांना मित्रासारखं अरेतुरे करायचं सोडून या 'आपण'ने हाक मारत. १९८३ साली अकिओ नाकामोरी नावाच्या लेखकाने त्यावरून त्यांची टर उडवली आणि ती जमातच 'ओताकू' झाली. कॉलेजच्या कट्ट्यावर दोन मित्र "आपण चहा घेणार का?" असं एकमेकांना विचारू लागले तर आपणही मागे वळून बघूच.

एकमेकांना हाक कशी मारतात यावरून माणसं ओळखायची, तर आपल्याकडे एक जुनी जमात आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालताना ही माणसं ओळखीच्या, अनोळखी, लहान, थोर अशा प्रत्येकाला एकाच नावाने हाक मारतात : माऊली. पाणी हवं असलं तरी माऊली, वाट सोडा म्हणायचं असलं तरी माऊली. ज्याच्या पालखीबरोबर चालायचं त्याचंच नाव शेजारच्याला द्यायचं. जगातल्या कुठल्याही फॅन क्लबला हे सुचलेलं नाही. आणि या लोकांचं स्वतःचं नाव? वारकरी, वारी करणारा. त्यात ताप नाही, वेड नाही, रक्त नाही. आषाढात आणि कार्तिकात पाय काय करतात एवढंच सांगणारं नाव. या यादीत बाहेरच्याने ठेवलेलं नाही असं वाटणारं, 'युमी' सोडली तर, मला सापडलेलं हे एकच.

'रसिक' हा शब्दही आपल्याला फार जवळचा. नाटकाची तिसरी घंटा झाली की 'रसिक मायबाप' येतात. कुठे दाद द्यायची आणि कुठे गप्प बसायचं हे ज्याला कळतं तो रसिक. हाच संस्कृत शब्द तमिळमध्ये 'रसिगर' होऊन बसला आणि तिथे त्याने गप्प बसणं सोडून दिलं. तिथे रसिगर म्हणजे सिनेनटाचा फॅन. 'रसिगर मन्रम' म्हणजे फॅन क्लब. नट एमजीआर यांनी १९७२ साली स्वतःचा पक्ष काढला तेव्हा गावोगावची ही मंडळंच त्याचे कार्यकर्ते झाली आणि १९७७ साली ते मुख्यमंत्री झाले. नवा सिनेमा लागला की थिएटरबाहेर नटाच्या तीस-चाळीस फुटी कटआउटला शिडी लावतात, वर चढून घागरीने दुधाचा अभिषेक करतात, कापूर ओवाळतात. ज्याच्या कटआउटवर असं दूध सर्वांत जास्त सांडलं असेल तो रजनीकांत जन्माने शिवाजीराव गायकवाड, बंगळुरातल्या मराठी घरातला. रोममधला 'फानुम' फिरत फिरत पुन्हा देवळात आला. आता फक्त देव चालता-बोलता होता.

इंग्रजी भाषा मात्र एवढ्यावर थांबली नाही. 'फॅन' इतका सौम्य झाला, वाचनालयाच्या वार्षिक सभेतही चालेल इतका पांढरपेशा झाला, की खऱ्या झपाटलेल्यांसाठी नवा शब्द लागला. तो एमिनेमने दिला. २००० साली त्याचं 'स्टॅन' नावाचं गाणं आलं. स्टॅन हा त्यातला काल्पनिक चाहता. तो आपल्या लाडक्या गायकाला पत्रामागून पत्रं लिहितो. उत्तर येत नाही तसा तो पेटत जातो आणि शेवटी पोटुशी असलेल्या मैत्रिणीला गाडीच्या डिकीत कोंडून गाडी पुलावरून पाण्यात घालतो. गायकाचं उत्तर निघतं, पण फार उशिरा. गाणं म्हणजे धोक्याची घंटा होती. पुढच्याच वर्षी रॅपर नास याने 'स्टॅन' हा शब्द आपल्या प्रतिस्पर्ध्याला शिवी म्हणून हाणला. मग पोरांनी ती शिवी उचलली, झटकली आणि छातीवर लावली. "मी तिची स्टॅन आहे." पुढे त्याचं क्रियापद झालं. ऑक्सफर्डच्या कोशाने आणि २०१९ साली मेरियम-वेबस्टरने त्याला आत घेतलं. 'स्टॉकर' आणि 'फॅन' जोडून तो झाला अशीही एक व्युत्पत्ती फिरते. ती नंतर मागे चिकटवलेली आहे, तिच्यावर विसंबू नये.

कुऱ्हाडीने दंड कापणाऱ्यापासून तिकीट काढणाऱ्यापर्यंत यायला 'फॅनॅटिक'ला एकोणीसशे वर्षं लागली. स्टॅनने तोच रस्ता वीस वर्षांत कापला. शिव्यांचीही आता एसटी राहिलेली नाही, एक्स्प्रेस झाली आहे.

त्या फ्लेक्सकडे परत जायचं तर 'कट्टर फॅन' हा शब्द मला आता वेगळाच दिसतो. 'फॅनॅटिक'ला आपण मराठीत 'कट्टर' म्हणतो. म्हणजे भाऊंचे कट्टर फॅन हे झाले कट्टर कट्टर. अमेरिकनांनी विष उतरवून दिलं होतं, आपण चमचाभर परत घातलं. 'भक्त' या शब्दाचं उलट झालं. शेकडो वर्षं ज्यात नुसतं लोणी होतं तो राजकारणाच्या भांडणात एकमेकांना फेकून मारायच्या कामी आला. म्हणजे शब्द चढतात तसे उतरतातही, आणि बहुतेक वेळा ढकलणारा हात बाहेरच्याचा असतो.

खरं सांगायचं तर आपल्याला 'फॅन' उसना आणायची गरज नव्हती. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रात आजही 'कुस्तीशौकीन' छापून येतो. शौक हा शब्द अरबीतला, त्यातला अर्थ ओढ. जे समोर नाही त्याची ओढ. मैदान आठवड्यावर असताना लागलेली असते ना, तीच. त्याच गावात 'नादखुळा' जन्मला. नाद म्हणजे मुळात आवाज, तो कानात शिरला आणि त्याने डोकं खुळं केलं. सिबिलीच्या डफांमागे निघालेल्यांना याहून नेमकं नाव लॅटिनलाही सापडलं नाही. 'तानसेन होता आलं नाही तर कानसेन तरी व्हावं' असं आपण म्हणतो, त्यातला कानसेन तर जगातल्या कुठल्याही भाषेला हेवा वाटावा असा. बाकीच्यांना चाहत्याचे हात दिसले, फुप्फुसं दिसली. कान आपल्यालाच दिसला.

आणि त्याच कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघायला बसलात तर एक मजा कळेल. तिथे संघांची नावं तालमींची आहेत : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. लाल मातीच्या आखाड्यांनी फुटबॉलचे संघ काढले. तिथल्या माणसाला "तुम्ही कुणाचे फॅन?" असं विचारलं तर तो तुमच्याकडे पाहुणा आहे म्हणून समजुतीने बघेल. तो फॅन नसतो. तो पाटाकडीलचा असतो, नाहीतर खंडोबाचा. एक षष्ठीचा प्रत्यय, बस. रोमन माणूस तरी वेगळं काय सांगत होता? हा त्या देवळाचा.

आता एक काम तुमच्यासाठी. बैलगाडा शर्यतीमागे तालुके पालथे घालणारे, सावंतवाडीकडे दशावतार बघत रात्र उजाडवणारे, झाडीपट्टीत थंडीभर नाटकामागून नाटक बघणारे, भजनाच्या बारीसाठी दहा मैल चालत जाणारे, यांना तुमच्या गावात जे नाव आहे ते एका पोस्टकार्डावर लिहा आणि संपादकांच्या पत्त्यावर टाका. नाव कुणी ठेवलं हे कळलं तर तेही लिहा. फक्त 'फॅन' लिहू नका. तो आमच्या कोपऱ्यावर दुरुस्त करून मिळतो.